रंगूनच्या मांजरीची उरलेली हकीकत

आमच्याकडची तपकिरी मांजरं कुठली, असं लोक विचारतात. विचारण्यासारखीच आहेत ती. पनवेलच्या आळ्यांतून पट्ट्यांची, काळी, भुरी मांजरं हवी तेवढी सापडतील, पण भाजलेल्या सुपारीच्या रंगाचं, आखूड केसांचं, हात फिरवला तर मखमल लागावी असं मांजर सबंध तालुक्यात दोनच घरी आहे. एक आमच्याकडे आणि एक नेऱ्याला.

मध्यंतरी गुरांच्या दवाखान्यात नवे डॉक्टर आले. शेजाऱ्यांची म्हैस बघायला आले होते, ते आमच्या ओट्यापाशी थबकले. मांजरीचे दात पाहिले, कान पाहिले, शेपटीच्या टोकाशी असलेली गाठ बोटांनी चाचपली. म्हणाले, "ही इकडची नव्हे. ब्रह्मदेशाकडची जात. विलायतेत असली मांजरं वंशावळीसकट विकतात म्हणे. तुमच्याकडे कशी आली?"

मी सांगितलं, लढाईच्या दिवसांत एक बाई रंगूनहून घेऊन आली. त्यांनी तेवढं वहीत टिपून घेतलं, चहा घेतला आणि गेले.

मी सांगितलं ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. रंगूनहून आलेल्या मांजरीची पोर आणि आज माझ्या ओट्यावर झोपलेली ही, या दोघींच्या मधे एक गोणी आहे. ती गोणी मी भरली. इतकी वर्षं याबद्दल मी एकाच माणसाजवळ तोंड उघडलं. ते माणूस आता नाही, आणि माझीही चाळिशी उलटून गेली. डॉक्टरांच्या वहीत अर्धी हकीकत गेली याची मला टोचणी लागून राहिली आहे, म्हणून उरलेली इथे लिहिते.

लग्न होऊन मी पनवेलला आले ते स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी. बंदराच्या रस्त्याला आमचं घर, आणि घराच्या मागे भाताची गिरणी. दोहोंच्या मधे एक सामाईक परसू. गिरणीच्या पाठीमागच्या खोलीत एक बाई राहायची. मूळची नेऱ्याकडची, शेतकऱ्याच्या घरातली. नवरा रंगूनला भाताच्या गिरणीत फिटर होता, म्हणून तीही तिकडे होती. तिला सगळे रंगूनवाली म्हणायचे. मी मावशी म्हणायची.

लढाई रंगूनच्या दाराशी आली तेव्हा नवऱ्याने तिला बोटीवर बसवून दिलं. तिच्या हातात तांदूळ धुवायची बांबूची रोवळी होती. त्यात जुन्या लुगड्याखाली गिरणीत जन्मलेलं एक तपकिरी पिल्लू. "हिला घेऊन जा, मी पुढच्या बोटीनं येतो," असं तो म्हणाला. पुढची बोट कुठली ते कुणालाच कळलं नाही. ही गोष्ट मावशीने मला एकदाच सांगितली, तीही तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता. कुंकू ती अखेरपर्यंत लावत होती.

गिरणीवाल्याने तिला खोली दिली ती खरं तर मांजरीसाठी. गिरणीत उंदीर फार. ही मांजर उंदीर मारायची आणि मारलेला उंदीर मालकाच्या गादीवर नेऊन ठेवायची. मालक म्हणायचा, "गुमास्त्यापेक्षा हिचा हिशोब चोख."

ती पनवेलला वयात आली तेव्हा तिच्या रंगाचा बोका कुठून मिळणार? गावातल्याच एका बोक्यापासून पिल्लं झाली. चार. एकही तपकिरी नाही. दोन काळी, दोन पट्ट्यांची. लोक हसले. संपली म्हणाले रंगूनची राणी. मावशी हसली नाही की रडली नाही. चारही पिल्लांच्या शेपट्या तिने चाचपल्या. एका काळ्या बोक्याच्या टोकाला आईसारखी गाठ होती, तो ठेवला. तो मोठा झाला, आणि पुढच्या खेपेला त्याच्यापासून त्याच्याच आईला जी पिल्लं झाली त्यातली दोन तपकिरी निघाली.

हे सगळं मी येण्याआधीचं. मला तिने ते शिकवलं तेव्हा मुठीत भात घेऊन दाखवलं होतं.

"ह्यात तांदूळ दिसतो का तुला?"

"नाही."

"पन हाय ना? रंग तसाच. वरनं काळं तूस दिसतं. कांडल्याबिगर आतलं नाय कळत, पोरी."

मी आले तेव्हा रंगूनची मूळ मांजर मेलेली होती, काळा बोकाही कुठेतरी निघून गेला होता, आणि तपकिरी अशी एकच उरली होती. तिची मुलगी. मावशी तिला नुसतं बाय म्हणून हाक मारायची. हाक म्हणजे तरी काय, सुपाच्या पाठीवर बोटांनी टकटक करायची, की ती असेल तिथून धावत यायची.

ती मांजरासारखी नव्हतीच. मांजर घराचं असतं म्हणतात, ही माणसांची होती. मावशी गिरणीत गेली की मागे गिरणीत, विहिरीवर गेली की विहिरीवर. दिसायला एवढीशी, पण उचलायला गेलं तर पायलीभर तांदळाचं वजन. डोळे हळदीचे. आवाज बसका, बाजारात ओरडून घसा बसलेल्या बाईसारखा. आणि ऊब दिसली की तिला धीर धरवत नसे. तिचे केस आखूड, आत लोकर नाही, त्यामुळे थंडी लागायची म्हणा, किंवा माणसाची हाव म्हणा. चुलीपाशी, धुतलेल्या कपड्यांत, पाहुण्यांच्या मांडीवर, कुठेही. माझ्या मांडीवर ती पहिल्यांदा बसली तेव्हा मला या गावात येऊन पंधरा दिवस झाले होते, आणि तोवर आपणहून कुणी माझ्याजवळ बसलं नव्हतं. हेही लिहायला हवं, कारण पुढे मी काय केलं ते लिहायचं आहे.

माझी मुलगी झाली. तीन महिन्यांची असताना तिला खोकला लागला. आधी साधा, मग असा की खोकता खोकता पोर निळी व्हायची. त्याच दिवसांत ही मांजर खिडकीतून येऊन पाळण्यात तिच्या पायाशी झोपायला लागली होती. मी हाकलायची, ती पुन्हा यायची.

सासूबाई म्हणाल्या, "मांजराचा केस पोटात गेला की मूल वाळतं. माझ्या माहेरी पाहिलंय मी."

"मग काय करायचं?"

"मारायचं नाही हो. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर काशीला द्यावं लागतं, आणि आपल्याकडे पितळेचंसुद्धा नाही. सोडायचं. खाडीपलीकडे सोडायचं. खारं पाणी ओलांडून मांजर परत येत नाही. आणि देताना गोणी सात वेळा गोल फिरवायची, म्हणजे दिशा विसरतं."

आता हे सगळं सासूबाईंवर ढकलता आलं असतं. मनात मी अनेक वर्षं तसंच ढकललं. पण भीती होती तशी आणखीही एक गोष्ट होती. माझी मुलगी माझ्याकडे रडायची. मी घेतलं की रडायची, पाजलं की रडायची, आणि ती मांजर पायाशी येऊन घुरघुरायला लागली की गप्प व्हायची. तिचं पहिलं हसू तिने त्या मांजरीला दिलं. मी समोर उभी होते.

करंज्याहून सुकी मासळी घेऊन एक कोळीण बाजाराच्या दिवशी मचव्याने पनवेल बंदराला यायची. आमच्या घरी कोळंबीचे सोडे तीच द्यायची. त्या दिवशी दुपारी मावशी गिरणीत कणी चाळत होती. मी गोणीत दोन बोंबील टाकले आणि मांजरीला बोलावलं. आली. बोंबलांसाठी आली असं मी स्वतःला सांगते, पण तिने ते हुंगलेही नाहीत. मी वाकले होते म्हणून ती माझ्या खांद्यावर चढायला बघत होती. मी तिला खांद्यावरून काढून आत ठेवली आणि तोंड बांधलं.

बंदरावर जाताना गोणी मी पोटाशी धरली होती. आणि ती आत घुरघुरत होती. ओरडणं नाही, धडपड नाही. मी तिला छातीशी घेतलं आहे एवढंच तिला कळत होतं.

कोळणीने विचारलं, "काय हाय यात?"

"मांजर."

"मारकुटी हाय?"

"नाही."

"मंग सोडता कशाला?"

"मूल आजारी आहे."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "आमच्या करंज्यात मांजरां कमी हाईत, त्यात ही एक," म्हणाली. मी एक जुनं लुगडं बरोबर नेलं होतं ते तिला दिलं आणि म्हटलं, कुणाला सांगू नका.

"मी कोनाला सांगू? बोंबलाला?"

मग मी गोणी फिरवायला घेतली. एक, दोन, तीन. आतली घुरघुर थांबेना. चौथ्याला माझे हात चालेनात. तशीच तिच्या हातात दिली आणि मागे न बघता घरी आले.

मुलीचा खोकला त्याने गेला नाही. डॉक्टर म्हणाले, डांग्या खोकला आहे, गावात साथ आहे, मांजराचा संबंध नाही. दोन महिने राहिला आणि आपल्या वेळेला गेला. सासूबाई म्हणाल्या, "बघ, गेली ना इडापिडा." आणि मी म्हटलं, हो.

ज्या संध्याकाळी मांजर आली नाही त्या संध्याकाळपासून मावशी सूप घेऊन हिंडायला लागली. आळीआळीतून, तलावाच्या काठाने, गुरांच्या बाजारात. टकटक, टकटक. पोरं तिच्या मागे टकटक करत फिरायची. मी तिच्याबरोबर जायची. हो, जायची. मूल सासूबाईंकडे ठेवून सकाळी तिच्याबरोबर शोधायला जायची. एकदा ती म्हणाली, "बंदराकडं नाय बघितलं." मी म्हटलं, "मी बघून आले मावशी, तिकडे नाही." गोणी भरली ते एक वेळ भीतीने केलं म्हणेन. पण हे वाक्य मी कशाने बोलले त्याला माझ्याजवळ नाव नाही.

पाच वर्षं गेली. मावशीने दुसरं मांजर आणलं नाही. गिरणीवाल्याने उंदरांसाठी एक दांडगा बोका आणला. त्याला ती खायला घालायची, पण खोलीत घेत नसे. उंबऱ्याशी एक वाटी दूध-कणी रोज ठेवायची. कावळे खायचे. मी परसात भांडी घासायला बसले की ती वाटी दिसायची. मी जागा बदलून बघितली, तरी दिसायची.

मग गिरणीवाल्याने नवं यंत्र आणायचं ठरवलं. त्यासाठी मागच्या खोल्या पाडायच्या होत्या. त्याने मावशीला चार महिने आधी सांगितलं, वाईट वागला नाही. नेऱ्याहून तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. घर आहे, शेत आहे, चल म्हणाला. ती उठेना.

भाऊ आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि मला म्हणाला, "वैनी, तुमीच सांगा तिला. छप्पर काढलं तरी हितंच बसनार म्हनते. म्हनते, ती आली आन् दार नाय दिसलं तर? तिला दुसरं घर म्हाईत नाय. आता मांजरासाठी कोन असं करतं का?"

तो रिकामी गाडी घेऊन परत गेला. माझी मुलगी ओट्याखाली खेळत होती, चांगली धष्टपुष्ट. मला समजलं की आता गप्प बसणं म्हणजे नुसतं गप्प बसणं राहिलेलं नाही. ती बाई माझ्या गप्प बसण्यात राहत होती. ते तिचं घर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेले. ती पाखडत बसली होती. मी समोर बसले आणि सांगितलं. सगळं सांगितलं, लुगडं, बोंबील, गोणी किती वेळा फिरवली ते. बंदराकडे बघून आले म्हटलं होतं तेसुद्धा.

तिचे हात थांबले नाहीत. सुपातलं संपेपर्यंत पाखडलं. कोंडा एकीकडे, तांदूळ एकीकडे. मग विचारलं, "गोनीत वरडली का?"

"नाही. घुरघुरत होती."

तेव्हा तिने सूप खाली ठेवलं. "तसंच करते ती," म्हणाली. "कोनी उचललं का बरं वाटतं तिला."

मी काहीतरी बोलायला गेले.

"जा, वैनी," ती म्हणाली.

आठ वर्षांत तिने मला कधी वैनी म्हटलं नव्हतं. पोरी म्हणायची.

त्याच आठवड्यात भावाची गाडी पुन्हा आली. मावशी गाडीत बसली. एक ट्रंक, एक सूप, ती रोवळी. मी दारात उभी होते. तिने आमच्या घराकडे पाहिलं नाही. खोलीच्या उंबऱ्याशी वाटी तशीच होती. ती मी उचलून घरात आणली. अजून माझ्याकडे आहे.

त्या रात्री मी ह्यांनाही सांगणार होते, पण सांगितलं नाही. बोलायची सवय एका दिवसात लागत नाही.

भातं कापून झाली तेव्हा मावशीचा भाऊ भाजी घेऊन बाजाराला आला आणि दारात उभा राहिला. "ताईनं सांगितलंय, करंज्याला जायचं हाय. तुमी दाखवायचं." मी होकार दिला. जाता जाता तो वळून म्हणाला, "गोनी नका घेऊ बरोबर, म्हंजे झालं."

ते मला लागलं. लागायलाच हवं होतं.

आम्ही एस.टी.ने उरणला गेलो. तिच्या मांडीवर रोवळी होती, आणि रोवळीत सूप. सबंध वाटेत ती एकच वाक्य बोलली, "खिडकी लाव, धूळ येते." उरणहून पायी. करंज्याला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. काठ्यांवर बोंबील लटकवलेले, जमिनीवर जवळा पसरलेला, आणि जिकडेतिकडे मांजरं. त्यांना हाकलण्यासाठी म्हाताऱ्या काठी घेऊन बसलेल्या. एवढा वास की डोळ्यांत पाणी यावं. मला त्याची सोय झाली.

कोळीण घरीच होती. मला बघितल्याबरोबर ओळखलं. "लुगडंवाली," म्हणाली. मग मावशीकडे आणि रोवळीकडे पाहून तिला बाकीचंही कळलं असावं, कारण तिने आधी पाणी आणलं, मग पाट दिला.

तिने सांगितलं ते असं. गोणी तिने मचव्यातच सोडली. मांजर बाहेर आली, अंग झाडलं आणि तिच्याच मांडीवर बसली. घरी आल्यावर तिच्या नवऱ्याच्या मागे लागली. तो होडीवर गेला की ही होडीत. "मानूस होतं त्ये," कोळीण म्हणाली. "पान्याला भ्यायची नाय. जाळ्यावर बसायची. लोक बोलायचे, तुज्या नवऱ्यानं दुसरी केली." चार वर्षं होती. पिल्लं झाली तीन-चार वेळा. तपकिरी एक नाही झालं. गेल्या साली पिल्लं झाली आणि मग ती उठली नाही.

मावशीने विचारलं, "कुठं पुरली?"

"त्या माडाखाली. मालकानं सोता खड्डा केला."

मावशी माडापाशी गेली. उभी राहिली. मी मागे चार पावलांवर. ती न वळता म्हणाली, "चांगल्या घरी पडली."

मी म्हटलं, "हो."

"ती सुखात होती म्हनून तुजं कमी नाय होत."

मी म्हटलं, "नाही होत."

मग ती फिरली, कोळणीला म्हणाली, "तिची पिलं कुठं हाईत?"

"पिलांची पिलं, त्यांची पिलं. सगला करंजा भरला. कुठली कोनाची ते आता कोन सांगल?"

मावशीने सूप काढलं, त्यात कोळणीकडून मूठभर जवळा घेऊन टाकला आणि सुपाच्या पाठीवर टकटक केलं. आवाजापेक्षा जवळ्याने असेल, पण वीस-बावीस मांजरं गोळा झाली. आम्ही दोघी उकिडव्या बसलो. तिने मला पहिल्यांदा काम सांगितलं. "शेपट्या बघ. टोकाला गाठ लागली का मला दाव."

मी शेपट्या चाचपायला लागले. दोन बोके ओरखडे काढून गेले. बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "पनवेलवरनं मांजरांच्या शेपट्या मोजायला आल्या, सरकारी काम हाय काय?" दुसरी म्हणाली, "गप गो, टॅक्स बसवतील." मावशीच्या ओठांचा कोपरा हलला. मला हसायचा हक्क आहे की नाही कळेना, म्हणून मी शेपटीकडे बघत राहिले.

गाठीच्या पाच निघाल्या. त्यांतलं तीन महिन्यांचं एक काळं मादी पिल्लू, डोळे हळदीचे. आणि दुसऱ्या टोकाच्या घरचा एक पट्ट्यांचा बोका, असाच लहान. मावशीने दोघांना उन्हात धरून, केस उलटे फिरवून पाहिलं.

मी म्हटलं, "यांत तपकिरी असेल?"

"भात हाय," ती म्हणाली. "कांडल्यावर कळंल."

परत येताना रोवळीत दोघं होती. पनवेलच्या थांब्यावर उतरल्यावर तिने बोका काढला आणि माझ्या हातात दिला. "हा तुज्याकडं. मादी मी नेते."

"माझ्याकडे?"

"मंग कोनाकडं?" आणि ती भावाच्या गाडीकडे चालायला लागली.

मी तो पट्ट्यांचा जीव घेऊन घरी आले. सासूबाई म्हणाल्या, "हे काय आणलंस?" मी म्हटलं, "मांजर. राहणार आहे." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. दुधाच्या कपाटाला कडी लावत जा." इतकंच. इतकी वर्षं मी कशाला भीत होते कोण जाणे. त्याच आठवड्यात मी ह्यांना सांगणार, सांगणार म्हणत राहिले, आणि पुन्हा राहिलं. आता हे वाचतील.

बोका मोठा झाला तसं मला एक नवीन काम लागलं. निरोप आला की त्याला टोपलीत घालून नेऱ्याला पोचवायचा आणि पंधरा दिवसांनी आणायचा. आळीतल्या बायका विचारायच्या, "जावई निघाले वाटतं सासरी?" मी नेऱ्याला जायची, मावशी चहा द्यायची, मी प्यायची. ती पावसाबद्दल बोलायची, भाताबद्दल बोलायची. वैनी म्हणायची.

पहिल्या खेपेला तीन पिल्लं झाली. सगळी पट्ट्यांची. मी बघायला गेले तेव्हा माझं तोंड उतरलेलं बघून मावशी म्हणाली, "चारात एखादं. तीनच झाली." जणू चौथं यायचं राहिलं होतं. पण संध्याकाळी मी निघताना ती त्या तिघांकडे बघत बसली होती, आणि तिलाही खात्री नव्हती हे मला तिच्या पाठीवरून कळलं. रंगूनहून निघालेलं जे काही होतं, ते आता त्या काळ्या मांजरीच्या पोटात होतं किंवा कुठेच नव्हतं.

दुसऱ्या खेपेला भाऊ स्वतः गाडी घेऊन आला. "चला," एवढंच म्हणाला.

कणगीच्या आडोशाला पिल्लं होती. दोन काळी, दोन पट्ट्यांची, आणि एक असं की माझा जीव घाबरा झाला. रंगच नाही त्याला. फिकट, मळक्या दुधासारखं.

मी म्हटलं, "हे आजारी आहे का?"

मावशी म्हणाली, "न्हाई. अशीच जन्मतात. रंगूनला गिरनीत ती पयली बी अशीच होती. मालकाला वाटलं, पीठ सांडलं अंगावर." तिने पिल्लाला तळव्यावर घेतलं. "दुधात चहा कमी पडलाय. मुरंल हळूहळू."

पिल्लाच्या शेपटीच्या टोकाला ती अंगठा फिरवत होती.

मुरलं ते. महिनाभरात चहा, दोन महिन्यांत काथ. डोळे आधी निळसर, मग हळदीचे. मादी होती. आवाज लहानपणापासूनच बसका. अडीच महिन्यांची झाली तेव्हा मी बोक्याला आणायला नेऱ्याला गेले. निघायच्या वेळी मावशीने बोक्याची टोपली गाडीत ठेवली, आणि मग ती तपकिरी पिल्ली आणून माझ्यासमोर धरली.

"ही तू ने."

माझ्याने हात पुढे होईना. "मावशी, ही एकच आहे."

"म्हनूनच. एका घरी ठेवून आपटी खाल्ली मागल्या वेळी. आता दोन घरी वाढवायची." मग म्हणाली, "रोवळी नाय देत. हातात ने."

मी इकडेतिकडे बघितलं, गाडीत काही टोपली, फडकं आहे का. भाऊ बैलांना जुंपत होता. त्याच्या पायाशी रिकामी गोणी होती. त्याने ती बघितली, मला बघितलं, आणि घडी करून स्वतःच्या बुडाखाली घेतली.

नेरे ते पनवेल ती गाडी हळू चालते. पिल्ली माझ्या मांडीवर पाच मिनिटं राहिली. मग पदर धरून वर चढली, खांद्यावर मानेच्या खळगीत शिरली आणि घुरघुरायला लागली. तोच आवाज. मी सरळ ताठ बसून राहिले. रस्त्याने खड्डे आले की एका हाताने तिला धरायची, खड्डा गेला की सोडायची. सोडल्यावरही ती जात नव्हती.

घरी पोचल्यावर माझ्या मुलीने तिला घेतलं आणि पहिल्या दिवसापासून आपल्या अंथरुणात घेतलं. मी हाकललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेऱ्याचा दूधवाला आला, त्याच्याबरोबर निरोप पाठवला की आम्ही पोचलो, दोघंही, पिल्ली जेवली.

तिसऱ्या दिवशी त्याने दूध मापता मापता उत्तर सांगितलं. "म्हातारी म्हनाली, सांग त्या पोरीला, ऊब बघून झोपव तिला."

मी विचारलं, "पोरीला म्हणाली?"

"व्हय. मी बोललो, पोर कोन? ती बाई तर चांगली मोठी हाय. तर म्हनते, तू दूध घाल."